सूर्यफुलावर नेमकं कोण येतंय? परागीकरण करणारे किडे बघायला, ओळखायला आणि मोजायला शिका

सूर्यफूल फुललं की त्यावर माश्या येतात हे सगळ्यांनाच माहितीये, पण कुठल्या माश्या, किती, त्या तिथं करतात काय आणि शेजारच्या बांधावरच्या तणाशी त्यांचं काय देणंघेणं, असं विचारलं की बहुतेक गाडी "मधमाशी" या एका शब्दावर येऊन अडकते. त्याच्या पुढं ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुम्ही शेतकरी असा, विद्यार्थी असा नाहीतर नुसते फोटो काढणारे, सामान फारसं लागत नाही, थोडा निवांतपणा मात्र लागतो.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. नवीन माणूस सगळा वेळ शेतात घालवतो आणि बांधाकडे ढुंकूनही बघत नाही. सूर्यफुलाचं एक तबक (म्हणजे ती मधली गोल थाळी) साधारण ५ ते १० दिवस फुलतं, आख्खं शेत धरलं तरी दोनतीन आठवडे. बाकी वर्षभर या माश्या खातात काय आणि राहतात कुठं? उत्तर बांधावर, कुंपणात, पडीक तुकड्यात असतं. म्हणून जेवढा वेळ पिकाला द्याल तेवढाच बांधाला द्या, निदान तयारी तरी तशी ठेवा.

पायरी १: आधी फूल वाचायला शिका

माश्या नंतर, आधी फूल. आपण ज्याला एक सूर्यफूल म्हणतो ती शेकडो, मोठ्या तबकात हजार-दोन हजार छोट्या फुलांची गर्दी असते. बाहेरच्या मोठ्या पिवळ्या पाकळ्या हीसुद्धा फुलंच, पण वांझ, त्यांच्यात दाणा भरत नाही, त्यांचं काम फक्त जाहिरात. (आपल्याला त्या सगळ्या पिवळ्याच दिसतात, पण माश्यांना अतिनील प्रकाश दिसतो आणि त्या प्रकाशात पाकळीचा बुडखा गडद नि टोक उजळ दिसतं, म्हणजे मध्यभागी बरोबर नेम धरायचं निशाणच.)

आता सकाळी एखादं तबक हलकेच वाकवा, मोडू नका, आणि कडेकडून मध्याकडे बघत या. फुलं कडेपासून आत उमलत जातात, रोज एक ते चार ओळी, त्यामुळं मधल्या दिवसांतल्या तबकावर तुम्हाला चार पट्टे दिसतील. सगळ्यात बाहेर सुकलेली तपकिरी नळकांडी, त्यांचं काम झालेलं. त्याच्या आत, ज्या फुलातून बारीक दांडी वर आलीये आणि तिची दोन टोकं बाहेरच्या बाजूला कुरळी होऊन वळलीयेत तो पट्टा, ही कुक्षी उघडलेली फुलं, म्हणजे मादी अवस्था. त्याच्या आत गडद, काळपट नळ्या आणि त्यांच्या टोकावर केशरी-पिवळी पूड, ही नर अवस्था, पराग इथंच मिळतो. आणि अगदी मध्यात बंद कळ्या.

प्रत्येक छोटं फूल आधी नर असतं आणि साधारण दुसऱ्या दिवशी मादी होतं. पहिल्या दिवशी परागकोशांची नळी वर येते, मग आतून कुक्षीची दांडी वाढत वाढत पराग वर ढकलते, आणि नंतर तिची टोकं उघडतात. भिंग असेल तर हे बघताना वेळ कसा जातो कळत नाही. भिंग नसेल तर मोबाईलवर झूम करून फोटो काढा, तेवढं पुरतं.

याचा थेट उपयोग असा की नुसतं बघून शेताची तब्येत कळते. परागीकरण झालेलं फूल लवकर मान टाकतं, न झालेलं मात्र कुक्षी उघडून वाट बघत बसतं. त्यामुळं मादी अवस्थेचा पट्टा बारीक असेल तर काम सुरळीत चाललंय, आणि तो पट्टा रुंदच रुंद होत चालला असेल, ओळींमागून ओळी कुक्षी उघड्याच, तर पाहुणे कमी पडतायत असं समजा. एकही माशी न मोजता एवढं कळतं. (शेवटी नाइलाज म्हणून कुक्षी मागं वळून स्वतःच्याच परागाला टेकते आणि काही जातींत त्यानंही दाणा भरतो, पण किती भरतो ते जातीवर आहे.)

वारा हे काम करेल असं समजू नका. सूर्यफुलाचा पराग चिकट आणि काटेरी असतो, केसाळ अंगाला चिकटायलाच बनवल्यासारखा, वाऱ्यानं फारसा जात नाही.

पायरी २: वेळ आणि उभं राहायची जागा

सकाळ. साधारण ८ ते ११ ही वेळ बहुतेक ठिकाणी चांगली, कारण पराग सकाळी बाहेर येतो आणि माश्या त्याच वेळी तुटून पडतात. कडक ऊन झालं की वर्दळ कमी होते, संध्याकाळी थोडी परत वाढते. ढग, जोराचा वारा, पाऊस असेल त्या दिवशी मोजू नका, किंवा मोजलंत तर तसं वहीत लिहा, नाहीतर नंतर त्या आकड्याकडं बघून "माश्या संपल्या" म्हणून घाबराल.

कोवळं सूर्यफूल सूर्यामागं फिरतं, पण फुललं की ते पूर्वेकडं तोंड करून थांबतं. हे असं का, यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या स्टेसी हार्मर यांच्या गटानं काम केलं आणि २०१६ मध्ये ते छापून आलं. त्यांनी काही कुंड्या उलट फिरवून तोंड पश्चिमेला केलं, तर पूर्वेकडं तोंड असलेल्या फुलांवर सकाळी पाचपट पाहुणे आले, कारण ती फुलं लवकर गरम होतात. आता यातली व्यवहाराची गोष्ट बघा, तुम्ही फुलासमोर उभे राहिलात की सूर्य तुमच्या पाठीमागं आणि तुमची सावली बरोबर तबकावर, माशी उडून गेलीच म्हणून समजा. तेव्हा थोडं बाजूला, तिरकं उभं राहा. आणि हातवारे कमी. माशी फुलावर असताना तिला तुमच्यात काडीचा रस नसतो, पण मोहोळाच्या जवळ मात्र जाऊ नका, तिथं ती वेगळीच असते. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी एकट्यानं जाऊच नये.

पायरी ३: कोण कोण येतं

जगात माश्यांच्या, म्हणजे मधमाशीच्या कुळातल्या, वीस हजारांवर जाती आहेत आणि त्यातल्या खऱ्या मधमाश्या जेमतेम डझनभरसुद्धा नाहीत. सुरुवातीला जातींची नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. पाच-सहा गट ओळखता आले तरी मोजणीला पुरतं.

पहिला प्रश्न कायम एकच, ही मधमाशीच्या जातीची आहे की साधी माशी मधमाशीचं सोंग घेऊन आलीये? हॉवरफ्लाय नावाच्या माश्यांना पिवळे-काळे पट्टे असतात आणि नवीन माणूस हमखास फसतो. डोळे बघा, जवळजवळ आख्खं डोकं म्हणजे डोळेच, मिशा एकदम आखूड, नुसते टोचे. पंख दोनच (मधमाशीला चार, पण ते एकमेकांना अडकलेले असतात त्यामुळं मोजता येतीलच असं नाही). शिवाय ती हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते, मग झटकन बाजूला सरकते. डंख नसतो. ही फसवी पाहुणी तशी कामाची आहे, अंगावर थोडाफार पराग नेते आणि तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात.

मधमाश्या. सूर्यफुलावर बहुतेक ठिकाणी संख्येनं याच सगळ्यात जास्त. पेटीतली युरोपियन मेलिफेरा जगभर नेलेली आहे, आणि आशियात त्याशिवाय मोठी आग्यामाशी, मध्यम सातेरी आणि इवलीशी फुलोरी. मागच्या पायावर परागाची गोळी दिसली तर ओळख पक्की करा. ती गोळी मधात भिजवून घट्ट थापलेली, चकचकीत असते, सूर्यफुलाची असेल तर केशरी. डंख नसलेल्या छोट्या काळ्या माश्याही अशीच गोळी बांधतात, पण त्या एवढ्या लहान की आधी चिलटच वाटतं.

पान कापणाऱ्या माश्या. माझी सगळ्यात आवडती, आणि सूर्यफुलावर ओळखायला सोपी. ही पराग पायावर नेतच नाही, पोटाच्या खालच्या बाजूला केसांचा ब्रश असतो त्यात कोरडाच भरते. त्यामुळं ती तबकावर बसली की पोट वर उचलून, शेपूट हवेत ठेवल्यासारखी चालते, आणि खालून बघितलं तर पोट पिवळंधमक. गंमत अशी की हेच कोरडं, सैल भरलेलं पोट कुक्षींवर घासत जातं, तर मधमाशीनं थापून ठेवलेला पराग फुलाच्या फार उपयोगाचा नसतो, मधमाशीच्या अंगावरच्या केसात अडकलेला असतो तोच कामाला येतो.

जमिनीत राहणाऱ्या छोट्या माश्या. काही काळ्या, काही हिरव्या धातूसारख्या चमकणाऱ्या, घाम चाटायला हातावर बसतात त्या याच. मागच्या पायांवर गोळी नाही, आख्खा पाय केसाळ आणि परागानं माखलेला. लोक यांना "चिलटं" म्हणून सोडून देतात, तुम्ही सोडू नका.

मोठे भुंगे. लाकूड पोखरून राहणारे काळे-निळे, घोंघावत येतात, आवाजावरूनच कळतात. थंड मुलखात यांच्याऐवजी केसाळ बंबलबी दिसतील. दोघंही अंगानं मोठे, एका बसण्यात बऱ्याच कुक्षींना टेकतात आणि थंडीवाऱ्यातही बाहेर पडतात.

आणि लांब मिशांच्या माश्या. नराच्या मिशा त्याच्या अंगाइतक्या लांब वाटाव्यात अशा. सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेतलं, तिथंच ते ४००० वर्षांपूर्वी माणसाळवलं गेलं, त्यामुळं तिथं सूर्यफूल आणि त्याच्या भाऊबंदांवरच जगणाऱ्या खास माश्या आहेत, मेलिसोडिस हे त्यातलं ठळक नाव. इतर ठिकाणी सूर्यफूल बाहेरून आलेलं, तिथं काम मुख्यतः मिळेल ते खाणाऱ्या माश्यांवर चालतं. या गटातले नर रात्री फुलावर, नाहीतर वाळक्या काडीवर घोळक्यानं झोपतात, काही तर काडी जबड्यात धरून, तर उजाडायच्या आत गेलात तर हलत नसलेली माशी मेलेली समजू नका.

फुलपाखरं येतात, फोटोला झकास, पण लांब सोंडेनं मध ओढतात आणि अंग फुलाला फारसं लागत नाही. पतंग रात्री येतात, त्यात घाटेअळीचा पतंगही असतो, तो मध पिऊन जाता जाता अंडी घालून जातो. भुंगेरे आणि ढेकूण जातीचे किडे एकाच तबकावर दिवसच्या दिवस बसून असतात. जो हलतच नाही तो पराग नेणार कुठं?

माशी फुलावर विचित्र वाकडी, एकदम निश्चल दिसली तर खालून बघा, खेकड्यासारखे पाय पसरलेला पिवळा किंवा पांढरा कोळी तिला धरून बसलेला असण्याची शक्यता बरीच.

पायरी ४: आलेला प्रत्येक पाहुणा कामाचा नसतो

इथं पहिली पायरी उपयोगी पडते. मोजताना नुसतं "बसली" एवढं लिहू नका, कुठल्या पट्ट्यावर बसली ते लिहा. काही माश्या फक्त नर पट्ट्यावर फिरतात, पराग गोळा करतात आणि निघतात, मादी पट्ट्याला हातही लावत नाहीत. मध पिणारी माशी दोन्ही पट्ट्यांवर फिरते कारण मध दोन्हीकडं असतो, म्हणून बऱ्याचदा तीच जास्त उपयोगी. मग पुढचा प्रश्न, इथून ती कुठं गेली? त्याच तबकावर गोल गोल फिरत राहिली की उडून दुसऱ्या झाडावर गेली? एका माशीवर नजर ठेवून ती दिसेनाशी होईपर्यंत किती तबकं बदलते ते बघा, एक-दोन मिनिटांत तुमच्या डोळ्यातून निसटेल, निसटू दे, दुसरी धरा.

हे नुसतं हौसेचं नाही. संकरित बियाणं तयार करताना शेतात नर ओळी आणि मादी ओळी वेगळ्या असतात, मादी ओळीतल्या झाडांना परागच येत नाही (हा गुण फ्रान्समध्ये लेक्लेर्क यांनी शोधला, १९६९ मध्ये तो जाहीर झाला आणि पुढचा सगळा संकरित सूर्यफुलाचा धंदा त्यावर उभा आहे). तिथं माशीनं ओळ बदलली नाही तर सगळं मुसळ केरात. २००६ मध्ये सारा ग्रीनलीफ आणि क्लेअर क्रेमेन यांनी कॅलिफोर्नियातल्या अशाच शेतांत बघितलं की जिथं रानमाश्या आहेत तिथं मधमाशी बिचकून, धक्का खाऊन जास्त वेळा ओळ बदलते आणि तिची कामगिरी पाचपटीपर्यंत वाढते. म्हणजे रानमाशीनं स्वतः किती फुलं फळवली ते एक आणि मधमाशीला पळवून किती काम करून घेतलं ते दुसरं, आणि हे दुसरं जास्त मोठं निघालं. मला तरी या विषयातला हा सगळ्यात मजेशीर शोध वाटतो.

पायरी ५: मोजा

दोन सोप्या पद्धती आहेत, कुठलीही एक धरा पण धरलेली सोडू नका.

चालत मोजणं: ठरलेल्या ओळीनं सावकाश चालायचं, फुललेल्या प्रत्येक तबकावर एक नजर, त्या क्षणी जेवढे किडे दिसतील तेवढे गटाप्रमाणे लिहायचे, थांबायचं नाही, परत मागं बघायचं नाही. शंभर तबकं झाली की बास. मोठ्या शेताला हे बरं, पण एक ओळ कडेला आणि एक शेताच्या मध्यात घ्या, रानमाश्या कडेला जास्त आणि मध्यात कमी असं बऱ्याचदा दिसतं.

बसून मोजणं: एक तबक किंवा छोटा तुकडा धरून ठरावीक वेळ बघत राहायचं. ब्रिटनमधल्या परागवाहकांच्या राष्ट्रीय मोजणीत १० मिनिटं आणि ५० बाय ५० सेंटीमीटरचा तुकडा असा नियम आहे. अमेरिकेत ग्रेचेन लेबुन यांनी २००८ मध्ये "ग्रेट सनफ्लॉवर प्रोजेक्ट" सुरू केला, त्यात लोक आपापल्या अंगणात लेमन क्वीन जातीचं सूर्यफूल लावून त्यावरच्या माश्या मोजतात. दाराशी दोन झाडं असलेला माणूससुद्धा यात कामाचा आहे.

वहीत तारीख, वेळ, ऊन-ढग-वारा, किती तबकं फुललेली, कुठली जात, शेवटची फवारणी कधी, आणि मग गटाप्रमाणे आकडे. शून्य आलं तर शून्य लिहा, रिकामी जागा सोडू नका, आठवड्यानं तुम्हालाच कळणार नाही की बघितलं नव्हतं की काही आलं नव्हतं. नाव लागत नसेल तर वरून, बाजूनं आणि तोंडाकडून असे तीन फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाका, पण ॲप सुचवेल ते डोळे झाकून घेऊ नका, लहान काळ्या माश्यांच्या बाबतीत तिथले जाणकारसुद्धा गटाच्या पुढं जात नाहीत.

रंगीत वाट्यांत साबणाचं पाणी ठेवून किडे पकडायची पद्धत आहे, अभ्यासक वापरतात. नवीन माणसानं वापरू नये असं माझं म्हणणं, त्यात सगळे मरतात आणि मेलेल्यांचं तुम्ही करणार काय?

आणि एक, दाराशी लावायचं असेल तर बियांच्या पाकिटावर "परागविरहित" लिहिलंय का बघा. फुलदाणीत टेबलावर पराग सांडू नये म्हणून तशा जाती काढल्यात. मध असतो पण पराग नाही, आणि मग पान कापणारी माशी का येत नाही म्हणून तुम्ही डोकं खाजवत बसाल.

पायरी ६: आता बांधावर या

त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं, तेवढाच वेळ. बांधावर फुललेलं प्रत्येक झाडझुडूप आणि तण वेगळं लिहा, नाव माहीत नसेल तर फोटो. एकदांडीसारखं पायदळी जाणारं तण, रानमोहरी, रानतुळस, क्लोव्हर, फुलोऱ्यावर आलेली कोथिंबीर नि बडीशेप, बाभळीसारखी झाडं, काहीही. एकदांडी सूर्यफुलाच्याच कुळातली आहे, तबक नखाएवढं पण रचना तीच, आणि त्यावर इवल्या माश्या कशा रांगेत येतात ते बघाच.

बघायचं काय, तर सूर्यफुलावर दिसलेले कुठले गट इथंही दिसतात, आणि सूर्यफूल फुलायच्या आधी नि संपल्यानंतर इथं कोण असतं. म्हणून बांधाची मोजणी फुलोऱ्याच्या दोनतीन आठवडे आधी सुरू करा आणि नंतरही चालू ठेवा. लोकांना वाटतं तण फुललं तर माश्या तिकडंच जातील, पिकाकडं येणार नाहीत. थोडं खरं आहे, पण दक्षिण आफ्रिकेतल्या सूर्यफुलाच्या शेतांत लुइसा कार्व्हालेइरो आणि सहकाऱ्यांनी तपासलं (२०११) तेव्हा शेतात फुलणाऱ्या तणांमुळं पाहुण्यांची विविधता वाढलेली आणि त्याचा पिकालाही फायदा झालेला दिसला, रानापासून लांबच्या भागात तर हे विशेष. याचा अर्थ शेत तणानं भरू द्या असा नाही, खतपाणी खाणारं तण काढायलाच लागतं, पण बांधावरचं शेवटचं पातंसुद्धा जाळायची घाई कशाला?

दुसरं कारण खाण्याचं. सूर्यफुलाचा पराग भरपूर मिळतो पण प्रथिनाला कमी, नुसत्या त्यावर पिल्लं धड वाढत नाहीत, त्याला जोड लागते. त्याच परागाचा उलटा गुणही आहे, २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात तो खाल्लेल्या बंबलबीच्या पोटातला क्रिथिडिया नावाचा परजीवी एकदम कमी झाला. म्हणजे थोडं औषध, पूर्ण जेवण नव्हे.

मग घरटी शोधा. माश्यांच्या साधारण ७० टक्के जाती जमिनीत राहतात. उघडी, न नांगरलेली, उन्हाकडं तोंड असलेली उताराची माती बघा, पेन्सिल जाईल एवढं किंवा त्याहून बारीक भोक आणि भोवती बारीक मातीचा ढिगारा. मुंगीचं आहे की माशीचं हे कळत नसेल तर सकाळी दहा मिनिटं जरा लांब बसा, पिवळे पाय घेऊन कोणी आत शिरलं की झालं. वाळकी लाकडं, पोकळ काड्या, वेळूची टोकं यांत बाकीच्या. आणि आसपासच्या झुडपांच्या पानांना कडेला स्वच्छ अर्धगोल कापे दिसले तर पान कापणारी माशी जवळच कुठंतरी आहे, अळीनं खाल्लेलं पान असं नेटकं नसतं.

लहान माश्या घरट्यापासून काहीशे मीटरच जातात, मधमाशी दोनतीन किलोमीटर सहज. म्हणून बांधावरचं घरटं फार मोलाचं, ते गेलं तर ती छोटी माशी लांबून येणार नाहीये.

पायरी ७: जाळीची चाचणी

माश्यांमुळं आपल्या शेतात नेमका किती फरक पडतो हे बघायचं असेल तर पाकळ्या उघडायच्या आधी काही तबकांना बारीक नायलॉनची जाळी बांधा. कापड नको, आत दमट होऊन बुरशी येते. शेजारची, तेवढ्याच आकाराची तेवढीच तबकं उघडी ठेवून दोरा बांधा. फुलोरा संपला की जाळी काढा, नाहीतर जाळीतल्याला सावली आणि उघड्याला पाखरं अशी वेगळीच भानगड होते. तबकं वाळल्यावर दाणे सोडवून भरलेले आणि पोचट वेगळे करा, नखानं दाबलं की पोचट लगेच कळतो. अगदी मध्यातले दाणे बऱ्याचदा तसेही पोचट राहतात, पाणी कमी पडलं किंवा बोरॉन नसलं तरी राहतात, त्याचं खापर माशीवर फोडू नका. म्हणूनच उघडं आणि झाकलेलं शेजारीशेजारी पाहिजे. जातीत स्वतःच्या परागावर दाणा भरायची ताकद असेल तर फरक कमी दिसेल, नसेल तर झाकलेलं तबक खुळखुळ्यासारखं वाजतं.

पायरी ८: आकडे हातात आले, पुढं?

माश्या कमी आणि मादी पट्टा रुंद, तर मधपेट्या ठेवता येतात, हेक्टरी दोन ते पाच अशी साधारण शिफारस असते. पेट्या फुलोरा सुरू झाल्यावर आणा, दहातलं एखादं झाड फुललं की. आधी आणल्या तर माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलांना सोकावतात आणि मग सूर्यफुलाकडं वळायला वेळ लावतात. पण पेट्यांचा ढीग लावला की रानमाश्यांच्या तोंडचं खाणं जातं, रोगही इकडून तिकडं जातात. थोड्या झाडांचा प्रश्न असेल तर हाताला मऊ कापड गुंडाळून एका तबकावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवा, सकाळी, दिवसाआड.

फवारणी हा मोठा विषय. फुलोऱ्यात कीटकनाशक मारूच नका, अगदीच वेळ आली तर संध्याकाळी माश्या परतल्यावर, लेबल वाचून, पेटीवाल्याला आधी कळवून. बियाण्याला लावलेलं औषधही विसरू नका, काही औषधं झाडात भिनून मधात-परागात उतरतात. फ्रान्सनं १९९९ मध्येच सूर्यफुलाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड लावणं थांबवलं होतं, आणि २०१८ मध्ये युरोपियन युनियननं ते, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिन्हींवर उघड्या शेतासाठी बंदी घातली. बांधावर तणनाशक मारताना तर लोक हात सैल सोडतात, कारण "तिथं पीक नाही". तिथं काय आहे ते तुम्ही सहाव्या पायरीत बघितलंय.

पीक काढल्यावर सगळी काडी लगेच पेटवू नका किंवा रोटाव्हेटर फिरवून संपवू नका. रोगट झाडं सोडून थोडी जाड धाटं बांधाला उभी ठेवा, वरचं टोक छाटून, म्हणजे आतला मऊ गर उघडा पडतो आणि तो पोखरून काही माश्या घर करतात. धाटं खाली कोलमडली तरी पुढच्या हंगामापर्यंत तशीच राहू द्या, आत कोणीतरी असू शकतं.